गेम ऑफ लाईफमधले 'स्टिल लाईफ' आले कुठून?

गेम ऑफ लाईफ, म्हणजे चौकटींच्या जाळीवर घरं ठराविक नियमांनी जगतात-मरतात असा गणिती खेळ. त्याचा विषय निघाला की सगळे ग्लायडरच्या, म्हणजे जाळीवर सरकत जाणाऱ्या छोट्या आकृतीच्या, मागे लागतात, पण माझ्या मते खरा आधार न हलणाऱ्या आकृत्यांचा, म्हणजे स्टिल लाईफचा आहे.

सुरुवात १९४० च्या दशकातली. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनला स्वतःचीच कॉपी बनवणारं यंत्र हवं होतं, स्टॅनिस्लाव उलामने चौकटींच्या जाळीची आयडिया दिली, आणि त्यातून जे ऑटोमॅटन (नियमांनी आपोआप बदलत जाणारी जाळी) झालं त्यात एकेका घराच्या २९ अवस्था! केंब्रिजच्या जॉन कॉनवेला हेच खूप सोपं करायचं होतं. मग गोच्या पटावर सोंगट्या मांडायच्या, नियम बदलायचे, परत मांडायच्या, असं करत करत तो ज्या नियमांवर थांबला ते एवढेच: जिवंत घराला (भोवतालच्या ८ घरांपैकी) २ किंवा ३ जिवंत शेजारी असतील तर ते टिकतं, नाहीतर मरतं, आणि रिकाम्या घराला बरोब्बर ३ असतील तर तिथे नवं जन्मतं. ऑक्टोबर १९७० मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमध्ये यावर लिहिलं आणि लोक अक्षरशः वेडे झाले.

आता २×२ चा ब्लॉक बघा. चारही घरांना ३-३ शेजारी, म्हणून कोणी मरत नाही, बाहेरच्या कुठल्याही रिकाम्या घराला मात्र जास्तीत जास्त २, म्हणून नवं काही जन्मत नाही. झालं, कायमचं स्थिर! आर-पेंटोमिनो नावाचा आकार फक्त ५ घरांचा, पण तो ११०३ पिढ्या (म्हणजे नियम लावायच्या फेऱ्या) धुमाकूळ घालतो आणि शांत झाल्यावर मागे जे उरतं त्यात ८ ब्लॉक, ४ बीहाइव्ह, शिवाय बोट, लोफ, शिप एकेक, ही सगळी स्टिल लाईफच.

सुरुवातीला हा सगळा नुसता कचरा वाटायचा, आणि इथेच मला हा इतिहास सगळ्यात भारी वाटतो. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये बिल गॉस्परच्या एमआयटीतल्या टीमने ग्लायडर गन (सतत नवे ग्लायडर सोडणारी आकृती) शोधून कॉनवेचं ५० डॉलरचं बक्षीस जिंकलं, त्या गनच्या दोन्ही टोकांना ब्लॉकच बसवलेत, ते काढले तर गन चालत नाही. पुढे ईटर नावाचं स्टिल लाईफ सापडलं, ७ घरांचं, गळासारखं वाकडं. ग्लायडर येऊन आदळला की ईटर थोडा विस्कटतो, ग्लायडर गायब होतो आणि काही पिढ्यांत ईटर परत जसाच्या तसा! नको असलेले ग्लायडर गिळायची सोय झाली, त्यामुळे गन आणि ईटर जोडून लॉजिक सर्किट (संगणकातल्यासारखं हो-नाही ठरवणारं) बांधणं खूप सोपं झालं.

गणितवाल्यांनीही मग स्टिल लाईफ मनावर घेतलं. अनंत जाळीवर ते जास्तीत जास्त किती दाट असू शकतं, याचं उत्तर नोम एल्कीसने १९९० च्या दशकात सिद्ध केलं: बरोब्बर अर्धी घरं जिवंत.