एक एकर शेती (मराठवाडा)

घरच्या जमिनीतला एक एकर (40 गुंठे) किंवा त्याहून लहान तुकडा बाईने स्वतःच्या निर्णयाने, आधी घरच्या ताटासाठी पिकवण्याची पद्धत. लातूर, धाराशिव भागात ती रुजवली स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर संस्थापक प्रेमा गोपालन यांनी गावोगावच्या महिला मंडळांना पुनर्वसनाच्या कामात उतरवले. संस्थेची मुळे तिथली. 2017 मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी, 2016 च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

सोयाबीन किंवा ऊस एकटाच लावला आणि पावसाने दगा दिला, तर पैसाही जातो आणि धान्यही विकत आणावे लागते. म्हणून या तुकड्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, शेपू, मेथी, गवार, भेंडी असे मिश्र पीक असते. एक गेले तरी दुसरे हाती लागते, आणि भाजी लवकर निघत असल्याने बाजाराच्या दिवशी चार पैसे बाईच्याच हातात येतात. बियाणे शक्यतो घरचे. खत म्हणजे गांडूळखत आणि जीवामृत: 200 लिटर पाण्याच्या टाकीत 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवायची, सावलीत दोन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचे. किडीवर दशपर्णी अर्क, म्हणजे दहा प्रकारच्या झाडपाल्याचा अर्क.

शिकणे बांधावरच होते. ज्या बाईने आधी करून पाहिले, तीच शेजारणीला दाखवते. नव्याने सासरी आलेल्या मुलीला याचा विशेष उपयोग होतो. एरवी खुरपणी तिच्या वाट्याला, पण काय पेरायचे हे ठरवताना तिला कोणी विचारत नाही. इथे पेरणीपासून विक्रीपर्यंतचा हिशेब तिचा. आधी दहा गुंठे मागून घ्यायचे, पीक दाखवायचे, मग पुढचे बोलायचे, ही वाट घरात खटका न उडवता चालता येते. या पद्धतीचे खरे बळ खतापेक्षा त्या हिशेबात आहे.

उणीव सातबाऱ्यावर आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमातून बायकोच्या नावे जमीन करण्याची हाक दिली होती. तरीही बहुतेक घरांत तुकडा कसते बाई आणि उतारा असतो नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे. त्यामुळे पीककर्ज आणि दुष्काळाची नुकसानभरपाई सहसा त्यांच्याच खात्यात जमा होते.