अपरिचित इंग्रजी शब्दांचा संग्रह : पार्श्वभूमी

इंग्रजीतील अवघड शब्द निवडून त्यांचे अर्थ मांडण्याची प्रथा त्या भाषेच्या सर्वसमावेशक कोशांपेक्षा जुनी आहे. १६०४ साली लंडनमध्ये निघालेल्या पहिल्या एकभाषी इंग्रजी कोशात जेमतेम अडीच हजार शब्द होते, आणि तेही बहुतांशी लॅटिन, ग्रीक, फ्रेंचमधून आलेले; रोजच्या बोलण्यातले शब्द कोशात यायला आणखी सुमारे शंभर वर्षे जावी लागली. पुढे १८५७ मध्ये, कोशांतून सुटलेले शब्द गोळा करण्यासाठी लंडनमध्ये एक समिती नेमली गेली. त्या कामातूनच, वाचकांनी चिठ्ठीवर मूळ उतारा लिहून पाठवायचा आणि अर्थ उताऱ्यांवरून ठरवायचा, या पद्धतीवर उभा राहिलेला मोठा कोश आकाराला आला. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये बाहेर पडला.

कोकणात इंग्रजी शब्द टिपण्याची सवय लागली ती प्रामुख्याने शाळा आणि मुंबईची नोकरी यांमुळे. १८३२ मध्ये पोंभुर्ल्याच्या एका तरुण पंडिताने काढलेल्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापला जाई, १८४७ मध्ये मोठा इंग्रजी-मराठी कोश आला आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. परीक्षेच्या वहीत डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ एवढेच लिहिले जाई. शब्द कुठे भेटला, हे लिहिण्याला परीक्षेत गुण नव्हते.

त्या सवयीची उणीव फत्तेमारीच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. पश्चिम किनाऱ्यावर मालाची ने-आण करणारे हे शिडाचे गलबत इंग्रजीत ‘पॅटामार’ म्हणून नोंदले गेले. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंग्ल-भारतीय शब्दांच्या संग्रहात त्याचे दोन अर्थ दिले आहेत : पायी धावत टपाल नेणारा जासूद आणि हे गलबत. व्युत्पत्तीबाबत मात्र तिथे एकवाक्यता नाही. एक मत शब्द कोंकणीतला आणि मूळ अर्थ जासूद असा मानते, तर दुसरे मत गलबताचे नाव मल्याळममधून आल्याचे सांगते. मराठी-इंग्रजी कोशात ‘पतेमारी’ आणि ‘फतेमारी’ अशी दोन्ही रूपे देऊन ‘वार्ता आणणारी’ असा उलगडा केला आहे. पण ‘पत्ता’ म्हणजे बातमी हे मानले तरी शब्दाचा उत्तरार्ध त्यातून सुटत नाही, ही त्या संग्रहाची हरकत रास्तच आहे. फत्ते म्हणजे विजय, असे सांगून मोकळे होणारेही आपल्याकडे आहेत. ती लोकांनी ऐकीव साम्यावरून लावलेली संगती वाटते. जासुदाचा अर्थ पोर्तुगीज लेखनात सोळाव्या शतकापासून सापडतो, म्हणून तो आधीचा आणि गलबताचा नंतरचा, हा क्रम अधिक संभवनीय आहे, मात्र सिद्ध नाही. ‘एक प्रकारचे गलबत’ एवढ्या अर्थावर थांबणाऱ्या वहीत यातले काहीच उरत नाही.

हा शब्द अपरिचित इंग्रजी म्हणून टिपावा की आपलाच म्हणून वगळावा, यावर संग्राहकांत दोन पक्ष पडू शकतात. वगळणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे, कारण मग मुंगसाचे इंग्रजी नाव आणि बोंबलाला इंग्रजीत मिळालेले ‘बमलो’ हे नावही सोडावे लागेल, आणि या दोन्ही शब्दांचे मूळ मराठी असल्याची नोंद इंग्रजी कोश स्वतःच करतात.

विसाव्या शतकात संग्रहाची गोडी लांबलचक आणि चमत्कारिक शब्दांकडे वळली. अमेरिकेतील कोडेप्रेमींच्या एका संघाच्या अध्यक्षाने १९३५ मध्ये फुप्फुसाच्या विकाराचे पंचेचाळीस अक्षरी नाव रचले ते मुळात लांबीसाठीच. तरीही ते नामांकित कोशांत शिरले. त्याआधी १९३४ च्या एका अमेरिकी कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला होता. घनतेसाठी मोठा किंवा लहान ‘डी’ वापरावा, अशा अर्थाची ‘D or d’ ही संक्षेपाची चिठ्ठी कोणीतरी अखंड शब्द म्हणून वाचली होती आणि ही चूक १९३९ मध्ये ध्यानात आली. उताऱ्याची अट तिथे पाळली असती तर तो शब्द छापखान्यापर्यंत पोहोचलाच नसता.

२००० पासून उताऱ्यांवर आधारलेला तो मोठा इंग्रजी कोश संगणकावर पाहता येऊ लागला आणि प्रत्येक अर्थाखालचे जुने उतारे वर्षांसह वाचणे सोपे झाले. मोबाइलवर रोज फिरणाऱ्या ‘आजचा शब्द’ छापाच्या संदेशांत मात्र अजूनही शब्द आणि अर्थ हे दोनच रकाने असतात, आणि ते पंचेचाळीस अक्षरी नावही त्यांत निव्वळ रोगाचे नाव म्हणून पुढे पाठवले जाते.