'मार्क ऑफ द डेव्हिल'वरून लोक एवढे का भांडतात, त्यामागची गोष्ट

1970 सालचा पश्चिम जर्मनीचा 'मार्क ऑफ द डेव्हिल', चेटकीण ठरवून लोकांचा छळ करणाऱ्यांवरचा पिक्चर, ज्यांनी ज्यांनी बघितलाय त्यांच्यात सरळ तट पडतात. एक म्हणतो घाण आहे नुसती, बायकांचा छळ दाखवून तिकिटं खपवायचा धंदा. दुसरा म्हणतो धर्माच्या नि कायद्याच्या नावाखाली काय चालायचं ते इतकं उघडं दुसऱ्या कुणी दाखवलंच नाही. आणि तिसरा, एवढं नाव ऐकलं होतं, बघितल्यावर काही वाटलंच नाही बुवा. मला तीनही मतं प्रामाणिक वाटतात, कारण हा पिक्चर मुळात दोन डोक्यांतून जन्मला आणि पुढे जिथे जिथे पोचला तिथे वेगळा होऊन पोचला.

सुरुवात इंग्लंडमध्ये होते. 1968 साली मायकेल रीव्ह्ज नावाच्या तरुण दिग्दर्शकाने 'विचफाइंडर जनरल' काढला, व्हिन्सेंट प्राइस या नटाला घेऊन. गोष्ट मॅथ्यू हॉपकिन्सची, हा माणूस खरा होऊन गेला, 1645 ते 1647 या दोन-तीन वर्षांत इंग्लंडात यादवी पेटलेली असताना ईस्ट अँग्लियातल्या गावोगाव फिरून चेटकिणी शोधून द्यायचा आणि त्याचे पैसे गावाकडून घ्यायचा, एकट्या स्टोमार्केट गावाने त्याला 23 पौंड मोजले होते, त्या काळी ही रक्कम भलतीच मोठी होती. रीव्ह्ज पुढच्याच वर्षी गेला, अवघा 25 वर्षांचा. पण त्याचा पिक्चर जर्मनीत चालला आणि तिथल्या निर्मात्यांच्या डोक्यात आलं की असाच एक आपणही काढू, याच्याहून कडक.

काढणारा होता एड्रियन होवेन. हा माणूस कळला की पिक्चर निम्मा कळतो. पन्नाशीच्या दशकात होवेन जर्मन पडद्यावरचा देखणा हिरो, 'हाइमाटफिल्म' म्हणतात तसल्या सिनेमांतला, म्हणजे हिरवे डोंगर, कुरणं, गावातली साधी मुलगी, थोडी गाणी आणि शेवटी सगळं गोड. युद्धात बेचिराख झालेल्या देशाला तेच बघायचं होतं. साठीच्या दशकात ती लाट ओसरली आणि होवेन निर्मितीकडे वळला. पटकथा त्याने आधीच लिहून ठेवलेली, स्वतःच दिग्दर्शन करायची इच्छाही होती, पण दिग्दर्शक म्हणून आला मायकेल आर्मस्ट्राँग, इंग्लिश, तोही पंचविशीतला, आणि त्याने ती पटकथा बरीचशी नव्याने लिहिली. त्याला सत्तेवर बोलायचं होतं, की चेटूक वगैरे काही नाहीच मुळात, जे आहे ते फक्त आरोप करणाऱ्याची हाव आणि वासना. सेटवर दोघांचं अजिबात पटेना. काही भाग होवेनने स्वतः शूट केला, त्यात कठपुतळीवाल्याची भूमिकाही त्याचीच आहे.

म्हणून तर पिक्चर असा दुभंगलेला वाटतो. कॅमेरा अर्न्स्ट कालिंकेचा, तोही जुन्या हिरव्या डोंगरांच्या सिनेमांतला मुरलेला माणूस, आणि संगीत मायकेल होल्मचं, जो जर्मनीत गोड प्रेमगीतांसाठी ओळखला जायचा. ऑस्ट्रियाच्या डोंगरातलं ऊन, गवत, इतकी हळवी धून की डोळे मिटले तर प्रेमकथा वाटावी, आणि त्याच पिक्चरमध्ये गाबी फुक्स या नटीच्या पात्राला बांधून चिमट्याने तिची जीभ ओढली जाते. अनेकांना हे संगीत चुकीचं वाटतं, दिग्दर्शकाला अक्कल नाही म्हणतात. मला उलट तिथेच हा पिक्चर सगळ्यात जास्त टोचतो, कारण बाहेर गाव नेहमीसारखं चालू आहे आणि आत तळघरात हे, आणि गावाला माहीत आहे.

आता जागेबद्दल, कारण हे फार कमी लोक बोलतात. बरंचसं शूटिंग साल्झबुर्गच्या लुंगाऊ भागात झालंय, माउटर्नडॉर्फ गाव आणि जवळचा मोशाम किल्ला. त्या किल्ल्यात खरोखर कोर्ट-कचेरी होती आणि चेटकाचे खटले चालायचे. साल्झबुर्गमध्ये 1675 ते 1690 या काळात 'त्साउबरर-याकल' नावाने ओळखले जाणारे खटले झाले, म्हणजे जादूगार याकल. तो स्वतः कधी सापडला नाही, पण त्याचे साथीदार म्हणून शंभराहून जास्त लोकांना मारलं, त्यात बहुतेक पुरुष, भिकारी, रस्त्यावर वाढलेली पोरं, काही तर अगदी लहान. पिक्चरमध्ये मात्र बळी दिसतात त्या मुख्यतः तरुण, सुंदर बायका. युरोपभराचा विचार केला तर बळींत बायकाच जास्त होत्या हे खरंच आहे, एकूण आकडा साधारण 40 ते 60 हजार धरतात. पण त्या भिंतींच्या आत ज्यांचे खरंच हाल झाले ती भिकाऱ्यांची पोरं त्याच भिंतींमध्ये काढलेल्या पिक्चरमध्ये नाहीत याचं मला वाईट वाटतं, आणि पिक्चरला नावं ठेवणाऱ्यांचा मुद्दा मला इथे पूर्ण पटतो.

बाकी छळाचं म्हणाल तर अतिशयोक्ती फारशी नाही. 1532 च्या 'कॅरोलिना' नावाच्या फौजदारी कायद्याने जर्मन साम्राज्यात कबुलीजबाबासाठी छळ करायला नियम घालून का होईना पण परवानगीच होती, आणि एकदा छळ सुरू झाला की कबुली येणारच, कबुलीत दुसऱ्यांची नावं येणारच, मग त्यांना आणायचं. त्याआधीच 1486-87 च्या सुमारास हाइनरिश क्रॅमरने चेटकिणींवरचं ते कुप्रसिद्ध लॅटिन पुस्तक लिहून ठेवलेलं. पिक्चरच्या नावातली 'खूण' पण यातलीच, सैतान आपल्या माणसाच्या अंगावर खूण ठेवतो आणि तिथे सुई टोचली तर दुखत नाही, रक्त येत नाही अशी समजूत, म्हणून बाईला उघडी करून तीळ, चामखीळ, जुना व्रण जे सापडेल तिथे टोचत बसायचे. फ्रीडरिश श्पे नावाच्या जेसुइट पाद्र्याने 1631 साली नाव न टाकता पुस्तक काढून या सगळ्याविरुद्ध लिहिलं, की असा छळ केला तर कुणीही चेटकीण ठरेल. आपल्याकडे नंदुरबारच्या बाजूला बाईला डाकीण ठरवल्याच्या बातम्या ज्यांनी वाचल्यात त्यांना यातलं काही परकं वाटणार नाही.

पिक्चरमध्ये गावचा चेटकिणी शोधणारा आल्बिनो (रेजी नाल्डर, चेहऱ्यावर भाजल्याचे खरे डाग असलेला नट) खानावळीतल्या व्हॅनेसाच्या मागे लागतो, ती दाद देत नाही म्हटल्यावर ती चेटकीण. एका तरुण जहागीरदाराला पकडतात ते त्याची मालमत्ता चर्चला मिळावी म्हणून. हर्बर्ट लोमचा लॉर्ड कंबरलँड, म्हणजे चेटकिणी शोधणाऱ्यांतला बडा माणूस, आधी न्यायी वाटतो आणि त्याचा शिष्य, तरुण उडो कीर, त्याला देव मानत असतो. त्या शिष्याचा विश्वास हळूहळू कसा तुटतो ते माझ्या मते खरं कथानक आहे, आणि ते आर्मस्ट्राँगचं.

मग 1972 साली पिक्चर अमेरिकेत गेला आणि सगळं फिरलं. बॉस्टनच्या हॉलमार्क रिलीजिंगने तिकिटाबरोबर ओकारीची पिशवी वाटली, कागदाची, विमानात मिळते तशी. 'व्ही फॉर व्हायोलन्स' असं रेटिंग पोस्टरवर टाकलं, जे अस्तित्वातच नव्हतं. जो प्रेक्षक मांडीवर पिशवी घेऊन बसलाय तो कंबरलँड काय बोलतोय ते कशाला ऐकेल, तो पुढच्या चिमट्याची वाट बघणार. आजही जे म्हणतात 'एवढं काही नाही' ते त्या पिशवीच्याच अपेक्षेने बसलेले असतात.

ब्रिटनमध्ये उलटं. 1993 साली व्हिडिओवर आला तेव्हा चार मिनिटांहून जास्त कापलेला, 2003 च्या डीव्हीडीवरही 38 सेकंद गायब, पूर्ण पिक्चर तिथे 2014 च्या ब्लू-रेला मिळाला. जर्मनीत, म्हणजे जिथे तयार झाला तिथे, बरीच वर्षं त्याच्यावर कायद्याचा बडगा होता. म्हणजे एकाने कापलेली टेप पाहिली, दुसऱ्याने इंग्लिश डबिंगची झिजलेली प्रिंट, तिसऱ्याने स्वच्छ रिस्टोअर केलेली, ज्यात त्या कुरणांचा हिरवा रंग पहिल्यांदा नीट दिसतो. म्हणून कुणी मला या पिक्चरबद्दल मत सांगायला लागलं की मी आधी विचारतो, तुम्ही नक्की कुठला बघितलात?