‘नऊ हजार पौंड ओढतो’ म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत कॅम्पिंगसाठी पिकअप घेणाऱ्यांत एक समज पक्का बसलाय: ट्रक ९,००० पौंड ओढत असेल, तर ७,००० पौंडांचा ट्रेलर आरामात चालेल. चूक! ट्रेलर नुसता मागून येत नाही. त्याचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर अडकवायचा ट्रकमागचा जोड), म्हणजे ट्रकच्याच पाठीवर पडतो. ड्रायव्हरचं दार उघडा आणि चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिथे छापलेलं असतं. हिचवरचा भारही त्यातच धरायचा. समजा १,४०० पौंड. हिचवर ८५०, घरची चार माणसं ६००. हद्द इथेच ओलांडली, खाण्यापिण्याचा बर्फाचा कूलर आणि सायकली तर अजून खालीच आहेत. आणि हो, एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांवरही हा आकडा वेगळा असू शकतो. सनरूफसारख्या जास्तीच्या सोयी वाढल्या की तो घटतो.