निबंधाची लेखनरीत

निबंधाची लेखनरीत : निबंधातला मजकूर कोणत्या अंगाने मांडायचा ती पद्धत. कथन, वर्णन, विवेचन आणि युक्तिवाद अशा चार रीती सर्वसाधारणपणे मानल्या जातात. तुलना, कारणमीमांसा, वर्गीकरण यांना काही जण वेगळ्या रीती म्हणतात. त्या विवेचनातच मोडतात असे धरणे सोयीचे. ‘अण्णांनी पहाटे होडी लोटली’ हे कथन. ‘होडीचा निळा रंग खाऱ्या वाऱ्याने उडाला होता’ हे वर्णन. ‘फायबरच्या होडीला कीड लागत नाही, म्हणून लाकडी होडी मागे पडली’ हे विवेचन, आणि ‘लाकडी होड्या बांधणाऱ्या सुतारांना सरकारने मदत द्यावी’ हा युक्तिवाद. होडी एकच, वाक्यांची कामे चार.

स्कॉटलंडचे ॲलेक्झांडर बेन यांनी १८६६ मध्ये इंग्रजी लेखनरचनेवरील पाठ्यपुस्तकात वर्णन, कथन, विवेचन, वक्तृत्व आणि काव्य असे प्रकार सांगितले. पुढे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन पुस्तकांनी काव्य गाळून आणि वक्तृत्वाच्या जागी युक्तिवाद घेऊन आजची चौकडी रूढ केली. मराठीत सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ‘दर्पण’मधून (१८३२) विवेचक गद्याला सुरुवात करून दिली, तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने (१८७४) युक्तिवादाला धार आणली.

दहावीपर्यंत विद्यार्थ्याला ही निवड फारशी करावी लागत नाही. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक अशी नावे प्रश्नपत्रिकेतच छापलेली असतात. महाविद्यालयात ती पाटी निघून जाते. ‘रापण’ (किनाऱ्यावरून जाळे ओढून करायची मासेमारी) एवढाच विषय किंवा एखादे लांबलचक वाक्य समोर येते आणि रीत आपली आपण ओळखावी लागते. विषय पाहून रीत ठरत नाही, ती प्रश्नातल्या क्रियापदावरून ठरते. ‘वर्णन करा’, ‘तुलना करा’, ‘कारणे स्पष्ट करा’ यांत संदिग्ध काहीच नाही. फसवे क्रियापद ‘चर्चा करा’ हे. तिथे दोन्ही बाजू मांडून शेवटी स्वतःचा कौल द्यायचा असतो. बहुतेक जण माहिती सांगून थांबतात. ‘मत साधार मांडा’मध्ये तर ‘मत’ सगळे वाचतात, ‘साधार’ कोणी वाचत नाही.

क्रियापदानंतर पाहायचे ते हातातले सामान. रापणीचेच घ्या. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, माणसे ते ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे घालतात. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या ज्या मुलाने स्वतः दोराला हात लावला आहे, त्याच्याकडे कथनाचे अस्सल सामान आहे : तळहाताला पडलेले वळ, जाळे जवळ आल्यावर अचानक वाढलेला कावळ्या-घारींचा गोंगाट, वाट्यात आलेले सात बांगडे. पण ‘रापण मागे का पडली?’ असे विचारले तर हे सात बांगडे फार पुरत नाहीत. तिथे पर्ससीन जाळी (माशांच्या थव्याला वेढून खालून आवळायची मोठी जाळी), एलईडी दिव्यांची मासेमारी, दोर ओढायला न मिळणारी माणसे अशी कारणे लावावी लागतात आणि कोणते कारण किती वजनाचे, तेही सांगावे लागते.

‘पर्ससीनवर पूर्ण बंदी हवी का?’ हा प्रश्न आणखी एक पायरी वरचा. राज्य सरकारने २०१६ मध्ये या मासेमारीवर निर्बंध घातले, एवढे लिहून युक्तिवाद होत नाही. पर्ससीनवाल्याच्या डोक्यावरचे कर्ज, त्याच्या तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशांची रोजीरोटी ही बाजू आधी नीट मांडायची, मग खोडायची. प्रतिपक्ष नसलेला युक्तिवाद म्हणजे नुसती घोषणा.

कोकणातल्या विद्यार्थ्याला एक खास खोड असते, आणि ती समजण्यासारखी आहे. विषय पर्यटनाच्या परिणामांचा असो की आंब्याच्या बाजारभावाचा, सुरुवात नारळी-पोफळीच्या बागा, निळाशार समुद्र आणि लाल मातीने होते. दीड पान वर्णनात जाते, परिणाम शेवटच्या परिच्छेदात दाटीवाटीने बसतात. परीक्षकाने ती लाल माती त्याच दुपारी चाळीस वेळा तुडवलेली असते. वर्णन वाईट नाही, ते बिनकामाचे असते तेव्हा वाईट. पर्यटनाच्या निबंधात किनाऱ्यावरची सुरूची झाडे सुंदर आहेत हे सांगून काही साधत नाही. ती तोडून तिथे वाहनतळ झाला हे सांगण्यासाठी मात्र झाडे आधी दिसायला हवीत.

रीती निर्भेळ सापडत नाहीत, आणि चार कप्पे पाठ करून घेण्याच्या शिकवणीवर विसाव्या शतकात टीका झाली ती यामुळेच. व्यवहारात एक रीत कणा होते, बाकीच्या तिला टेकू देतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरच्या लिलावाच्या चार ओळींनी निबंध उघडला आणि पुढे भाव कोण ठरवतो याचे विवेचन केले, तर कथन नेमके कामी आले. लिलाव दोन पाने रंगला तर कणाच बदलला. मग वेळ असेल तर सुरुवात कापावी, नसेल तर प्रश्न पुन्हा वाचून पुढचा परिच्छेद थेट उत्तराने सुरू करावा. कच्चा मसुदा तपासताना प्रत्येक परिच्छेदावर बोट ठेवून पाहावे : हा झाकला तर उत्तरातले काय जाते? नारळी-पोफळीवर बोट ठेवले की बहुधा काहीच जात नाही.