बेंथम यांनी आपला देह कुणाला दिला?

जून १८३२. लंडनच्या वेब स्ट्रीटवरील शरीररचनाशास्त्राच्या शाळेत ८४ वर्षांच्या एका वृद्धाचा देह विच्छेदनाच्या टेबलावर होता. बाहेर विजा कडाडत होत्या आणि डॉ. साउथवुड स्मिथ आपल्याच मित्राच्या देहाशेजारी उभे राहून व्याख्यान देत होते. तो मित्र म्हणजे तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम. तशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती.

त्या काळी हे मोठं धाडस होतं. इंग्लंडमध्ये विच्छेदनासाठी कायद्यानं मिळायची ती फाशी दिलेल्या खुन्यांची प्रेतं, त्यामुळे विच्छेदन म्हणजे मेल्यानंतरची शिक्षाच, असं लोक मानत. वैद्यकीय विद्यार्थी वाढले, प्रेतं पुरेनात. मग कबरी उकरणाऱ्या टोळ्या निघाल्या. एडिंबरोत तर बर्क आणि हेअर या दोघांनी प्रेतं विकता यावीत म्हणून १६ जणांचे खून केले.

मेलेल्या देहाचा जिवंतांना उपयोग काय, हा प्रश्न बेंथम यांच्या साऱ्या विचारांतूनच येतो. वकिलीचं शिक्षण घेतलं, पण कायदा जुना आहे म्हणून चांगला, हे त्यांना कधी पटलं नाही. कायद्यानं सुख वाढतं की दुःख, एवढंच ते तपासत. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी सुखदुःख मोजायच्या सात कसोट्या दिल्या: ते किती तीव्र, किती काळ टिकणारं, किती खात्रीचं, वगैरे. सातवी मला सर्वांत मोलाची वाटते: ते किती जणांपर्यंत पोचतं? या मोजणीत जनावरंही आली. त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हे विचारू नका. त्यांना वेदना होतात का, ते विचारा, असं त्यांनी तळटिपेत लिहिलं.

समलिंगी संबंधांना शिक्षा नको, कारण त्यात कुणाचं नुकसान नाही, हेही त्यांनी १७८५च्या सुमारास लिहिलं; हयातीत छापलं मात्र नाही. पुढे मेकॉले यांनी भारतीय दंडसंहितेचा मसुदा केला. सगळे गुन्हे एका सुसंगत संहितेत मांडायचे, ही बेंथम यांचीच दृष्टी त्यात उतरली. पण १८६०च्या त्या संहितेत कलम ३७७ आलं, आणि प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून सोडवायला २०१८ उजाडलं. याची हळहळ वाटते.

बेंथम यांचा कपडे चढवलेला सांगाडा आजही युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये बसलेला आहे. डोकं मात्र मेणाचं.

त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच नवा शरीररचना कायदा झाला. प्रेतांची चोरी थांबली, पण टेबलावर येऊ लागले ते गरिबांसाठीच्या आश्रयगृहांत (वर्कहाऊस) मेलेले, कुणी न्यायला न आलेले गरीब. बेंथम यांनी देह स्वतःहून दिला होता. या गरिबांना कुणी विचारलंच नव्हतं.