दुर्मीळ आडनावाचा मूळपुरुष एकच असतो का?

ॲटनबरो हे आडनाव आपल्याला डेव्हिड आणि रिचर्ड या दोघा भावांमुळे माहीत. खुद्द इंग्लंडात ते विरळाच. नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीकाठी याच नावाचं गाव आहे, आणि जुन्या नोंदींत या आडनावाची माणसं मुख्यतः त्याच परिसरात सापडतात.

इंग्लंडात आडनावं साधारण सातशे वर्षांपूर्वी वंशपरंपरागत झाली. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, वाय गुणसूत्रही तसंच. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ४० आडनावांच्या सोळाशेहून अधिक पुरुषांचे नमुने तपासले. स्मिथ आडनावाच्या कोणत्याही दोघांचं नातं रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांइतकंच निघालं. ॲटनबरोंमध्ये मात्र दहातल्या जवळपास नऊ जणांचं गुणसूत्र एकाच घराण्यातलं होतं.

आता हिशेब करू. सातशे वर्षं म्हणजे सुमारे २३ पिढ्या. दर पिढीत २ टक्के मुलगे ‘बाहेरचे’ धरले (परपुरुषापासून झालेला मुलगा, अनौरस मुलाला आईचं आडनाव, सावत्र बापाचं नाव लावणं, इस्टेटीसाठी आजोळचं आडनाव घेणं), तर मूळ गुणसूत्र सरासरी ६३ टक्क्यांतच उरायला हवं. मग नव्वदच्या आसपास कसं?

उत्तर नशिबात आहे. माणशी सरासरी एक मुलगा धरला, तरी सुमारे ३७ टक्के पुरुषांना मुलगा नसतोच. असं चालत राहिलं तर २३ पिढ्यांनंतर शंभरातल्या जेमतेम सात-आठ पुरुषांचा वंश शिल्लक राहतो. माणसंच मोजकी असली की एखादी शाखा सगळं आडनाव व्यापते, बाकीच्या बुडतात. सुरुवातीला तिघांनी तेच आडनाव घेतलं असेल आणि दोघांचा वंश खुंटला असेल, तरी आज दिसणारं चित्र हेच. त्यामुळे ‘नव्वद टक्के जुळले, म्हणजे मूळपुरुष एकच आणि घराण्यातल्या बायका पतिव्रता’ हा निष्कर्ष घाईचा आहे.

अशा आडनावाचं मूळ शोधायचं तर आधी स्पेलिंगचे सगळे प्रकार लिहून काढा; पाद्री कानावर पडेल तसं लिहीत. मग १८८१च्या जनगणनेवरून दाट वस्ती कुठे ते पाहा. १८३७पासून सरकारी जन्ममृत्यू नोंदी आहेत. त्याआधीची भिस्त चर्चच्या वह्यांवर. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८चा, पण बऱ्याच गावांत सुरुवातीच्या वह्या टिकलेल्या नाहीत.

वाय गुणसूत्राच्या चाचणीसाठी सख्खे भाऊ निवडणं म्हणजे पैसे वाया. कागदोपत्री वंशवृक्षात एकमेकांपासून सर्वांत लांबचे दोन चुलतभाऊ घ्या. ते जुळले, तर दोघांच्या समाईक पूर्वजापर्यंतची साखळी एका झटक्यात पक्की होते. किमान ३७ खुणा (गुणसूत्रावरच्या तुलनेसाठी ठरलेल्या जागा) तपासा. पश्चिम युरोपात एकाच जातकुळीची गुणसूत्रं इतकी बोकाळली आहेत की दहा-बारा खुणा परक्यांच्याही जुळतात. ३७पैकी ३५-३६ जुळल्या तर नातं धरायला हरकत नाही. तिशीच्या खाली आकडा आला, तर आडनाव एक असूनही घराणी वेगळी.